मिशीचं तिसरं टोक

आत्या लेकीकडे परदेशी कायमची राहायला निघाली होती आणि जाण्याआधी भाच्याकडे मुक्कामाला आली होती. तिच्या सामानात दोन बॅगा, गुडघ्याचं तेल आणि एका कवितेच्या पहिल्या दोन ओळी होत्या. बॅगा कोपऱ्यात गेल्या, तेल गुडघ्याला लागलं, भानगड केली ती ओळींनी.

"गणिताच्या मास्तरांच्या मिशा होत्या काटकोनात,
एक टोक फळ्यावरती, दुसरं आमच्या कानात..."

सकाळी चहाचा कप हातात घेऊन आत्या एवढं म्हणायची, थांबायची आणि कपात बघत राहायची, जणू पुढच्या ओळी साखरेबरोबर तळाशी बसल्या आहेत. ही कविता तिने आणि तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने शाळेत असताना मिळून रचली होती. मैत्रीण उंच आणि काटकुळी, म्हणून तिचं नाव पेन्सिल. कविता चार ओळींची होती आणि चौथ्या ओळीपायी दोघींना वर्गाबाहेर उभं राहावं लागलं होतं, इथपर्यंत आत्याला स्वच्छ आठवत होतं. तिसरी आणि चौथी ओळ मात्र साफ पुसली गेली होती.

"शिक्षा आठवते आणि गुन्हा आठवत नाही, हे काही बरं नव्हे," आत्या म्हणाली. "एकदा तिकडे गेले की इथलं कोण भेटणार मला? जायच्या आधी कविता पुरी मिळाली असती, तर विमानात बसून हसले तरी असते."

"दोन मिनिटं," भाचा म्हणाला आणि त्याने फोन उघडला.

या भाच्याला सगळे शोधराव म्हणत. कचेरीतल्या कुणीतरी हे नाव टोमणा म्हणून ठेवलं होतं, त्यांनी ते पदवी म्हणून स्वीकारलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ते फोनवर बसत. अडकलेल्या माणसाला धीर देता देता लिफ्टचा शोध कसा लागला हेही ते त्याला शोधून वाचून दाखवत. माणूस सुटला की कंपनीचे आभार मानायचा आणि यांची तक्रार करायचा. इमारतीत मात्र त्यांना मान होता. पाल कशाने जाते, पांढऱ्या शर्टावरचा गंज कशाने निघतो, कुणाच्या जावयाच्या पाठीत काय भरलं असावं, या सगळ्यावर शोधरावांकडे उत्तर असे. ते बरोबर असे की नाही याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. पाल गेली तर श्रेय शोधरावांचं, राहिली तर दोष पालीचा.

त्यांनी दोन्ही ओळी फोनमध्ये टाकल्या. फोनने क्षणाचाही विचार न करता लाखो उत्तरं दिली. पहिलं मिशांना लावायच्या मेणाचं होतं. दुसरं काटकोनात उघडणाऱ्या कपाटाच्या बिजागऱ्यांचं. त्याखाली मात्र 'मास्तरांची मिशी आणि छत्री' असं एक बालगीत सापडलं आणि शोधरावांचा चेहरा उजळला.

"ऐक आत्या, पुढच्या ओळी. 'छत्रीमध्ये बसले होते गुबगुबीत उंदीर सात, मास्तर म्हणे उंदरांना, शिकून घ्या रे पाढे आठ.'"

"ही आमची नाही," आत्या म्हणाली.

"हीच आहे. पाच ठिकाणी हीच दिलीय."

"अरे, मी केलीय ना ती. आमच्यात उंदीर नव्हते."

"तुला आठवत नाही असं तूच म्हणालीस. मग उंदीर नव्हते हे तरी कसं आठवतं?"

कवयित्रीला तिच्याच कवितेबद्दल उलटतपासणीत गाठण्याचा हा मान फार थोड्यांना मिळतो. आत्या गप्प झाली. ती पटून गप्प झाली नव्हती. भाचा लहानपणापासून असाच आहे, हे आठवून गप्प झाली होती.

शोधरावांची बायको एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायची. लोकांच्या बुडालेल्या, जळालेल्या आणि चोरीला गेलेल्या वस्तूंवर आयुष्य काढल्यामुळे तिचा चेहरा नेहमी 'बरं, पुढे' असा असे. तिने कामावर जाता जाता नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि पाचही पानं वाचली.

"अहो, या प्रत्येक पानावर शेवटी 'खालील चित्र पाहा' असं लिहिलंय."

"मग?"

"चित्र एकाही पानावर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी एकाने लिहिलं आणि चौघांनी न वाचता उचललं. हे पाच साक्षीदार नव्हेत. एकाच माणसाने पाच टोप्या घातल्यात." तिने फोन परत दिला. "आमच्याकडे एकदा एकाच सायकलच्या चोरीचे चार दावे आले होते. चारही भाऊ." आणि ती बसच्या वेळेला निघून गेली.

शोधराव दुखावले. पण दुखावलेला माणूस दुप्पट कामाला लागतो. कविता सापडत नसेल तर कवयित्री शोधू, असं त्यांनी जाहीर केलं. दोघींपैकी एक इथेच बसली आहे, राहिली पेन्सिल.

"तिचं खरं नाव सांग," ते म्हणाले. आत्याने सांगितलं, आणि ती आणखी काही सांगणार तोच शोधराव फोन घेऊन गॅलरीत गेले. माणसांनी जास्त बोललं की शोधात अडथळा येतो, असं त्यांचं मत होतं.

नाव साधंसुधं होतं. दर गल्लीत एक तरी सापडावी असं. त्यामुळे फोनने उदार मनाने दातांची एक डॉक्टर, एक भालाफेकपटू मुलगी, दोन वकील आणि केसांच्या तेलाची एक बाटली समोर ठेवली. गॅलरीच्या पलीकडच्या गॅलरीत ड्रायव्हिंग स्कूलवाले शेजारी झाडांना पाणी घालत होते. त्यांनी नळी बंद करून सल्ला चालू केला.

"असं हळू नाही जायचं. सगळं एकदम टाका. नाव, शाळा, मिशा, काटकोन, सगळं. गाडी चढावर असली की पाय दाबून ठेवायचा."

शोधरावांनी पाय दाबून ठेवला. बिजागऱ्या परत आल्या.

"मग इंग्रजीत टाका. मोठ्या अक्षरांत टाका. काम गंभीर आहे हे यंत्राला कळायला नको?"

मोठ्या अक्षरांत टाकल्यावर यंत्राला गांभीर्य कळलं असावं, कारण वर आली ती थेट श्रद्धांजली. नाव तेच. फोटो धूसर, पांढरे केस, प्रेमळ चेहरा. 'यांचे अल्पशा आजाराने निधन.' शोधरावांनी एवढं वाचलं आणि फोन छातीशी धरला. शेजाऱ्यांनी नळी खाली ठेवली.

आता हे आत्याला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. शोधरावांनी त्यासाठीही फोनमध्ये विचारलं. 'वृद्ध व्यक्तीला वाईट बातमी कशी द्यावी' याची त्याच्याकडे भरपूर उत्तरं होती. आधी पाणी द्यावं, बसवावं, हात हातात घ्यावा, भूतकाळाबद्दल बोलावं. शोधरावांनी सगळं क्रमाने केलं. आत्याला बसवलं तेव्हा ती बसलेलीच होती, म्हणून तिला उठवून पुन्हा बसवलं. ड्रायव्हिंग स्कूलवाले शर्ट बदलून आले आणि दाराजवळच्या खुर्चीत मान खाली घालून बसले.

"कुणाला काय झालंय?" आत्याने विचारलं.

"आत्या, माणूस येतो आणि जातो," शोधराव म्हणाले.

"कोण गेलं ते सांग आधी."

"पेन्सिल."

आत्याचा हात कपाकडे गेला आणि तिथेच राहिला. त्या क्षणी शोधरावांना वाटलं की हे दोन मिनिटांत सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

"कशाने गेली?" आत्याने हळू विचारलं.

"अल्पशा आजाराने. थांब, वाचतो. 'राष्ट्रीय पातळीवरील माजी जलतरणपटू आणि शहरातील कित्येक पिढ्यांना पोहायला शिकवणाऱ्या...'"

"कोण शिकवणाऱ्या?"

"पोहायला."

"पेन्सिल?" आत्याने कप उचलला आणि एक घोट घेतला. "अरे, ती बादलीतल्या पाण्याला भ्यायची. सहलीला तळ्याच्या काठी सगळ्या मुली पाण्यात पाय सोडून बसल्या, तर ही झाडाला धरून उभी. ही बाई दुसरी आहे. तिला सद्गती मिळो. पण तू पुढचं वाचलं नव्हतंस का?"

शोधरावांनी पुढचं वाचलं नव्हतं. वरची ओळ वाचली की खालचं कळतं, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता. दाराजवळच्या खुर्चीतून ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले, "मग आता शर्ट बदलायला हरकत नाही ना?" आणि परवानगीची वाट न पाहता गेले.

या प्रसंगाने आणखी एक घोटाळा केला. फोनने समजून घेतलं की या घरात कुणीतरी जाण्याच्या तयारीत आहे. त्यानंतर दोन दिवस शोधराव काहीही शोधोत, भाजीचं दुकान शोधोत की नळवाला, त्याच्या आधी शवपेट्या, पुष्पचक्रं आणि वृद्धाश्रम दिसू लागले. आत्याने मुलीला फोटो पाठवायला म्हणून तोच फोन घेतला आणि 'आपल्या प्रिय वडीलधाऱ्यांसाठी, निसर्गाच्या सान्निध्यात' ही जाहिरात नीट वाचली.

"तुला मी जड झाले असेन तर सरळ सांग," ती म्हणाली. "तिकीट आधीचं करून घेऊ."

त्या रात्री शोधराव जेवले नाहीत. म्हणजे कमी जेवले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते आत्याच्या शाळेत गेले. शाळेच्या संकेतस्थळावर 'आमच्या माजी विद्यार्थिनी' असं पान होतं आणि त्यावर 'लवकरच येत आहोत' असं लिहिलं होतं. विद्यार्थिनी येत होत्या की पान, ते कळत नव्हतं. कार्यालयातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"माजी विद्यार्थिनींची माहिती आम्ही अशी देत नाही. ऑनलाइन अर्ज करा."

शोधरावांना हे आवडलं. हे त्यांच्या मैदानावरचं होतं. त्यांनी तिथेच बाकावर बसून अर्ज उघडला. आपलं नाव, आपला पत्ता, शोधाचं कारण. कारणाच्या चौकटीत त्यांनी 'कविता' लिहिलं, मग खोडून 'भावनिक' लिहिलं. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ज्या विद्यार्थिनीचा शोध घ्यायचा आहे तिचा सध्याचा पत्ता व दूरध्वनी'. शेजारी लाल फुली. भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता.

"हेच तर मला पाहिजे आहे," शोधराव म्हणाले.

"ते नसेल तर आम्ही तिला कसं विचारणार, की तुमची माहिती यांना देऊ का?" बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती, हेच त्यातलं वाईट होतं.

संध्याकाळी बायको घरी आली, तेव्हा शोधराव दिवाणावर आडवे होते आणि आत्या त्यांच्या पायाशी बसून तीच दोन ओळींची कविता गुणगुणत होती. आवाज मात्र सकाळपेक्षा लहान झाला होता. जायचा दिवस जवळ आला होता आणि ते तिने तोंडाने म्हटलं नसलं तरी बॅगांची कुलपं दोनदा तपासून झाली होती. बायकोने पर्स ठेवली आणि खुर्ची ओढून ती आत्यासमोर बसली. दावा तपासायला बसावं तशी.

"आत्या, पेन्सिलचं हे नाव माहेरचं ना?"

"हो. शाळेत असताना कुणाचं सासरचं असणार?"

"लग्न झालं तिचं?"

"झालं की. मी गेले होते."

शोधराव उठून बसले. "मग सासरचं आडनाव सांगितलं का नाहीस मला?"

"तू विचारलंस कुठे? नाव घेतलंस आणि गॅलरीत पळालास."

"बरं, काय होतं सासरचं आडनाव?" बायकोने विचारलं.

"ते काही आठवत नाही बाई. बसायला खुर्च्या चांगल्या होत्या." आत्याने डोळे बारीक केले. "नवरा बुटका होता. फोटो काढताना त्याला पाटावर उभं केलं होतं."

शोधराव फोनकडे हात नेत होते. बायकोने तो उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

"थांबा जरा. इतक्या वर्षांपूर्वी जे आडनाव टाकून ती निघून गेली, त्याच आडनावाच्या दारात तुम्ही चार दिवस बेल वाजवताय. ज्या बाईने स्वतःहून इंटरनेटवर काही टाकलं नाही, तिच्याबद्दल ते यंत्र काय सांगणार? ते दुसऱ्या कुणाचं तरी सांगतं. त्याला गप्प बसणं जमत नाही." मग आत्याकडे वळून, "न बदलणारं काय आहे ते बघू. तिचे वडील काय करायचे?"

"चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. चौकात, घड्याळाच्या टॉवरसमोर. पेन्सिल वर्गात भिंग घेऊन यायची. त्या भिंगातूनच तर आम्ही मास्तरांच्या मिशा पाहिल्या. नाहीतर काटकोन कुठला कळायला?"

"भाऊ होता तिला?"

"धाकटा. दुकानात बसायचा. चष्मा लावलेला कुत्रा होता त्यांच्या पाटीवर."

शोधरावांनी चार दिवसांत लाखो उत्तरं मिळवली होती. त्यात कुत्रा नव्हता.

आता फोन त्यांच्या हाती परत आला. पण चष्म्याची दुकानं शोधल्यावर आधी आली ती काचेच्या दारांची, दर चौकात शाखा असलेली, वर येण्यासाठी पैसे मोजणारी दुकानं. बायकोने घड्याळाच्या टॉवरचं आणि चौकाचं नाव घालायला सांगितलं, मोठ्या दुकानांची नावं वगळायला सांगितली आणि वरची पाच-सात उत्तरं न बघता खाली जायला सांगितलं. खूप खाली नकाशावर एक ठिपका मिळाला. चष्म्याचं दुकान, घड्याळाच्या टॉवरसमोर, नावात पेन्सिलचं माहेरचं आडनाव. आणि त्याखाली लाल अक्षरांत, 'कायमचे बंद'.

"संपलं," शोधराव म्हणाले.

"कोण म्हणतं?" बायकोने विचारलं.

"हे काय, इथे लिहिलंय."

"लिहिलं कुणी? त्याने दुकान पाहिलं होतं का? कधी पाहिलं? आमच्याकडे मेलेली माणसं सही करायला येतात. उद्या जाऊन या."

शोधराव गेले. चौकात घड्याळाचा टॉवर होता, घड्याळ बंद होतं, आणि समोर एका झाडाच्या फांद्यांत अर्धी लपलेली पाटी होती. पाटीवर चष्मा लावलेला कुत्रा. खाली दार सताड उघडं. आत शोधरावांच्याच वयाचा एक गृहस्थ काचा पुसत बसला होता.

"तुमचं दुकान कायमचं बंद आहे," शोधराव म्हणाले. ठरवून आलेलं वाक्य हे नव्हतं, पण हे निघालं.

गृहस्थाने दीर्घ श्वास घेतला. "तुम्हीही वाचलंत का? दुकानाला रंग दिला तेव्हा दार लावलं होतं. कुणीतरी जाता जाता तसं टाकून दिलं. मी कळवलं की उघडं आहे. ते म्हणतात पुरावा पाठवा. आता मी इथे बसलोय याच्यापेक्षा मोठा पुरावा मी कुठून आणू?"

शोधरावांना त्याच्याबद्दल एकाएकी फार माया वाटली. त्यांनी सगळी हकिकत सांगितली. आत्या, बाक, भिंग, पाण्याची भीती. गृहस्थ काच पुसायचा थांबला.

"ही तर आमची आत्या," तो म्हणाला. "अजून अंघोळीला तांब्यात पाणी घेते, बादलीकडे बघत नाही. तुमचीही आत्या तुम्हाला छळते का?"

"छळते," शोधराव म्हणाले, आणि दोन भाचे काउंटरच्या दोन बाजूंना बसून चहा प्यायले.

दोन दिवसांनी पेन्सिल आली. टॅक्सीतून उतरली ती रुंदीने आधी आणि उंचीने मागाहून. आत्या दारात उभी होती. दोघींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुझी तर दौत झाली गं," आत्या म्हणाली.

"आणि तुझी जीभ आहे तिथेच आहे," पेन्सिल म्हणाली. मग दोघी हात धरून दारातच उभ्या राहिल्या. टॅक्सीवाल्याला भाडं शोधरावांनी दिलं.

आत बसल्यावर आत्याने एका दमात दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. शोधराव दारात उभे होते. बायको चहा घेऊन दोघींच्या मधोमध बसली होती. पेन्सिलने डोळे मिटले, बोटाने मांडीवर ताल धरला आणि म्हणाली,

"तिसरं टोक शोधायला हेडमास्तर आले आत..."

"हो, हो, हेडमास्तर," आत्याने तिचा हात घट्ट धरला. "आणि मग?"

पेन्सिलने डोळे उघडले, दाराकडे एक नजर टाकली आणि आत्याच्या कानाशी वाकली. आत्या ऐकत होती. तिचे ओठ आधी गोल झाले, मग खांदे हलू लागले, मग चष्मा नाकावरून घसरला. ती इतकी हसली की पेन्सिलला तिची पाठ चोळावी लागली, आणि पाठ चोळता चोळता पेन्सिलही हसू लागली. मध्ये बसलेल्या बायकोच्या कानावरही ती ओळ पडली असावी. ती कधी नाही ती तोंडाला पदर लावून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून भांडं पडल्याचा आवाज आला.

"काय आहे चौथी ओळ?" शोधरावांनी विचारलं.

"तुला नाही सांगणार," आत्या डोळे पुसत म्हणाली. "तू ती जगाला दाखवशील. मास्तरांची नातवंडं असतील."

"अगं, पण शोधलं कोणी?"

"तुझ्या बायकोने," आत्या म्हणाली.

ते स्वयंपाकघरात गेले. बायको ओट्याला टेकून उभी होती. त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. "दाव्याचे कागद गोपनीय असतात," ती म्हणाली आणि पुन्हा हसू लागली.

शोधरावांनी फोन खिशातून काढला. थोडा वेळ हातात धरला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. मग एक स्टूल उचललं, बाहेर नेलं आणि दोघी म्हाताऱ्यांच्या समोर, अगदी अदबीने, मांडून बसले. चहाचे कप त्यांच्या जवळ सरकवले. गुडघा कसा आहे ते विचारलं. पेन्सिलच्या बुटक्या नवऱ्याची चौकशी केली, तो पाट अजून घरात आहे का ते विचारलं. सगळं सावकाश. आणि मग, सहज आठवल्यासारखं करून, खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"मला सांगा, ते हेडमास्तर दिसायला कसे होते हो? म्हणजे, वर्गात आत आले की आधी काय करायचे?"

दोघींचे कप एकाच वेळी ओठांपाशी थांबले. आत्याने भाच्याकडे नीट पाहिलं आणि मग ती मैत्रिणीकडे वळली.

"जपून बोल गं आता," ती म्हणाली. "हा विचारायला शिकला."